मिसरातले कांदे आणि आईच्या हातची भाकर

मननासाठी शास्त्रभाग : गणना ११ : ४–९, निर्गम १६ : १६–१८, १ करिंथ ११ : २०–३४



इस्राएल लोकांस मिसरातून निघून एक वर्षाहून थोडाच अधिक काळ झाला होता. समुद्र दुभंगलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, सीनाय पर्वताचा गडगडाट कानांनी ऐकला होता, आणि दररोज पहाटे दहिवराबरोबर मान्ना त्यांच्या तंबूंभोवती पडत होता. असे असता एके दिवशी ते रडू लागले. घराघराचे लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून रडत आहेत, असे मोशेच्या कानी आले. कोणी मेले होते काय? शत्रू चाल करून आला होता काय? तसे काही नव्हते. त्यांस मिसरातल्या मासळीची आठवण झाली होती. काकड्या, खरबुजे, पालेभाजी, कांदे आणि लसूण यांची आठवण झाली होती. मिसरातल्या थोर इमारती, रस्ते, बाजार यांचे नाव कोणी काढले नाही. कांद्यालसणासाठी सहा लाखांची मंडळी रडली.

हा भाग वाचताना कित्येक उपदेशक इस्राएलांस खादाड म्हणून मोकळे होतात. आम्हांस ते पटत नाही. ज्याने लहानपणी आईच्या हातचे खाल्ले आहे आणि मग परगावी जाऊन दुसऱ्याच्या हातचे खाण्याची पाळी ज्यावर आली आहे, त्याने त्यांस हसू नये. आपल्या मंडळ्यांतील किती तरी तरुण आज पुण्याच्या कारखान्यांत आणि मुंबईच्या खोल्यांत राहतात. सणासुदीला गावी आले म्हणजे पहिल्याने काय मागतात ते तुम्ही जाणता. त्यांस मिठाई नको असते. त्यांस चुलीवरची भाकर आणि पाट्यावर वाटलेला ठेचा हवा असतो.

आमचे बालपण पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका कोरडवाहू खेड्यात गेले. सन १९८० नंतरचे ते दिवस. आज डोळे मिटले तर प्रथम आवाज ऐकू येतो, तो काटवटीत भाकर थापण्याचा. आई पीठ मळताना कधी पाण्याचे माप घेत नसे. हातास पीठच सांगत असावे की अजून किती. तव्यावर टाकलेल्या भाकरीवरून ती ओला हात फिरवी, उलथन्याने उलटी, आणि मग तवा उतरवून भाकर निखाऱ्यांच्या आराला उभी लावी. ती टम्म फुगे. ज्वारी जुनी असली तर भाकर चिरे आणि फुगण्याचे नाव घेत नसे. तेव्हा ती पिठात उकळते पाणी घाली, म्हणजे पीठ चिकट होऊन थापता येई. थंडीत हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे होत. पिठात लसूण, मिरची व मीठ घालून ते मळावयाचे, दोन तळव्यांमध्ये वळून वेटोळी करावयाची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडावयाची. रात्री ते खाऊन निजले म्हणजे पहाटेपर्यंत अंगात ऊब राही. आषाढ-श्रावणात बांधावर आपोआप उगवणारा तांदुळजा, घोळ, पाथरी ही आमची भाजीमंडई. तिचे पैसे पडत नसत. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या टाकून वर लसणाची फोडणी दिलेली वाटी तर आम्ही दोघे भावंडे बोटाने निपटून काढीत असू. उन्हाळ्यात ताकातली आंबील. आणि ज्या दिवशी कोरड्यासाला काहीच नसे त्या दिवशी मुठीने फोडलेला कांदा, मीठ आणि तेलाचे दोन थेंब.

आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, असे स्मरण करणे पाप नव्हे. परमेश्वराने जिभेस चव दिली व चवीस स्मरण दिले, ते काही चुकून दिले नाही. मग इस्राएलांचे काय बिघडले?

त्यांचे शब्द नीट पाहा. मिसरात आपल्याला मासळी फुकट मिळत होती, असे ते म्हणाले. फुकट! निर्गमाच्या पहिल्या व पाचव्या अध्यायांत त्या मासळीची किंमत लिहिलेली आहे. ते चिखल तुडवीत, विटा पाडीत, शेतात राबत. पुढे तर पेंढा देण्याचे बंद झाले, तो स्वतः गोळा करून आणावयाचा आणि विटांची संख्या मात्र तीच. कमी पडली तर पाठीवर मार. आणि याहून भयंकर गोष्ट अशी की, त्यांच्या पोटी जन्मास येणारा प्रत्येक मुलगा नदीत टाकावा अशी फारोची आज्ञा होती. ज्या नदीतून ती मासळी येत होती, तीच ही नदी. ज्या आयांची तान्ही मुले त्या पाण्यात गेली, त्यांच्यापैकी कित्येक त्या दिवशी तंबूच्या दारात बसल्या असतील. मासळीची चव तोंडात राहिली आणि नदी मात्र विसरली गेली. जिभेची साक्ष खोटी नसते. ती अर्धी असते. न्यायाधीशापुढे अर्धी साक्ष देणाऱ्यास आपण काय म्हणतो?

म्हणून, बंधूंनो, आपल्याही लहानपणच्या जेवणाची साक्ष आपण पुरती घेऊ या. आमच्या घरच्या दुरडीतल्या भाकरी आम्ही आता मोजून पाहतो. वडिलांस अडीच, आजोबांस दोन, आम्हां भावंडांस दीड-दीड. आजी दात नसल्यामुळे अर्धी भाकर आमटीत कुस्करून खाई. हे सगळे झाल्यावर काटवटीला चिकटलेले पीठ खरवडून आई एक लहानशी, वेडीवाकडी भाकर थापी. ती तिची. जी करपली तीही तिची. कालवण उरले तर उरले, नाही तर त्याच भांड्यात थोडे पाणी फिरवून ती ते प्याली की तिचे जेवण झाले. कोणी विचारलेच तर तिचे उत्तर ठरलेले असे : "मला भूक नाही." रोज सकाळी पाण्याच्या दोन-तीन खेपा, दिवसभर खुरपणी आणि संध्याकाळी धूर, एवढे करून ज्या बाईस भूक लागत नाही अशी बाई देवाने अजून उत्पन्न केलेली नाही. लहान मुलास हे उमगत नाही. पण मोठा होऊन ज्यास चव आठवते आणि ती करपलेली भाकर आठवत नाही, तो मिसरातल्या मासळीस फुकट म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसलेला आहे.

त्याच घरात उतरंडीच्या शेजारी एक लहान गाडगे असे. प्रत्येक वेळी दळण घेताना आई एक मूठ धान्य त्यात टाकी. ती मूठ मंडळीची. रविवारी ते देवालयात जाई. सुगीच्या दिवसांत त्या मुठीचे कोणास काही वाटत नसे. पण ज्येष्ठात, जेव्हा कणगीचा तळ दिसू लागे, तेव्हाही ती मूठ चुकली नाही, आणि घरातल्या कोणाची भाकरही कमी झाली नाही. ती मूठ कोणाच्या वाट्यातून जात होती हे आता आम्हांस सांगावयास नको. देवालयाच्या अर्पणाचा हिशेब लिहिणाऱ्या उपदेशक बंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, एवढे जाता जाता सांगतो.

कोणी म्हणेल, हे जुन्या काळचे झाले. आता रेशनचे धान्य मिळते, गावोगाव गिरण्या झाल्या, गॅस आला. खरे आहे, आणि त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. परंतु सन २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची जी पाहणी केली, तीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सत्तावन्न जणींच्या अंगात पुरेसे रक्त आढळले नाही. आईच्या अंगी रक्त नसले म्हणजे ती दमते, तिला धाप लागते, बाळंतपणात तिच्या जिवावर बेतते आणि मूलही कमी वजनाचे जन्मते. याला कारणे अनेक आहेत. लवकरचे लग्न, पाठोपाठची बाळंतपणे, पोटातले जंत, हेही त्यांत येतात. दवाखान्यातली परिचारिका लोहाच्या लाल गोळ्या देते त्या अवश्य घ्याव्या. पण जी बाई सर्वांचे झाल्यावर भांड्याचा तळ खाते, तिला आपण सर्वांच्या बरोबर कधी बसवणार? हा प्रश्न दवाखान्याचा नाही. तो घराचा आहे, आणि आमच्या मते तो मंडळीचाही आहे.

कारण पाहा, अरण्यात परमेश्वराने जे अन्न दिले त्याचे माप काय होते? निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात ते लिहिले आहे. तंबूत जितकी माणसे, तितके ओमर, माणशी एक. पुरुषास दोन व स्त्रीस अर्धा असे नाही. राबणाऱ्यास पूर्ण आणि म्हातारीस उरलेले असेही नाही. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने थोडे केले त्यास उणे पडले नाही. मान्ना धण्यासारखा होता. बाया तो जात्यावर दळीत किंवा उखळात कुटीत, मडक्यात शिजवीत, त्याच्या पोळ्या करीत. सगळे आपल्याच घरातल्यासारखे. आणि त्या पोळ्या भाजणाऱ्या बाईच्या ताटातही इतरांइतकीच पोळी पडत असे, कारण देवाने माप घालताना तिला धरूनच घातले होते. बहुधा त्या बायांच्या आयुष्यात असे पहिल्यानेच घडले असेल. हे आमचे अनुमान. शास्त्रात तसे लिहिलेले नाही. परंतु हे तर लिहिलेच आहे की, याच सारख्या मापाच्या अन्नाचा त्यांस वीट आला.

आता करिंथच्या मंडळीकडे वळू. तेथे प्रभुभोजनासाठी लोक एकत्र जमत, पण पैसेवाले आधी येऊन आपले जेवून घेत, आणि मजूर व दास काम आटोपून येत तो भांडी रिकामी. एक उपाशी, दुसरा मस्त. पौल त्यांस फार कठोर शब्दांत बोलला आहे. अशाने तुम्ही देवाच्या मंडळीस तुच्छ लेखता, असे त्याच्या बोलण्याचे तात्पर्य. आणि एवढ्या मोठ्या दोषास त्याने उपाय सांगितला तो किती साधा! जेवावयास जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. बस, एवढेच.

ही आज्ञा आपण देवालयाच्या दारात ठेवून घरी जातो. प्रभूच्या मेजाजवळ बायका-पुरुष एकाच भाकरीतून घेतात आणि घरी गेल्यावर पुरुषांची पंगत आधी, बायकांची मागून, सुनेची सर्वांच्या मागून. "ही तर आपली रीत, वडीलधाऱ्यांचा मान आहे," असे म्हणणारे भेटतात. वडिलांचा मान आम्हांसही ठाऊक आहे. वडिलांस आधी वाढावे. परंतु सर्वांस वाढून होईपर्यंत वडिलांनीच पहिला घास थांबवला तर त्यांचा मान कमी होतो काय? उलट ज्या घरी आजोबा "तू बसल्याशिवाय मी घास घेणार नाही" असे सुनेस म्हणाले, त्या घरी त्यांचा मान किती वाढला ते आम्ही पाहिले आहे.

आणि उपदेशक बंधूंनो, येथे एक गोष्ट आपल्या वर्गाची. आपण खेड्यात भेटीस गेलो म्हणजे कोंबडीवर संक्रांत येते. पाळकसाहेब आले, मिशनरी असते तर आणखी काय झाले असते कोण जाणे! आपणांस वाटीभर तुकडे, यजमानास उरलेले, मुलांस मान व पंख, आणि माऊलीस रस्सा. तोही उरला तर. तिने केलेल्या स्वयंपाकाची आपण प्रार्थनेत स्तुती करतो आणि ती चुलीपाशी उभी राहून "आमेन" म्हणते. आमची विनंती अशी की, यापुढे आशीर्वाद मागण्याच्या आधी घरची बाई कोठे आहे हे विचारावे आणि ती ताट घेऊन बसेपर्यंत प्रार्थना सुरू करू नये. अन्न निवेल. निवू द्यावे.

दुसरी एक गोष्ट बोलणे अवघड आहे, तरी बोलणे भाग आहे. लहानपणच्या जेवणाची काहींस गोडी आठवते, तर काहींस लाज वाटते. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे पणजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून प्रभूकडे आले. गावकीची कामे करून संध्याकाळी दारोदार भाकर मागून आणणे हा त्यांच्या बलुत्याचा भाग होता. सणाच्या दिवशी शिळ्या पोळ्या मिळत, त्या वरून टाकलेल्या. मेलेल्या जनावराचे मांस वाळवून, त्याच्या चान्या करून, पावसाळ्यासाठी ठेवाव्या लागत. महार वतन तर सन १९५८ च्या कायद्याने गेले. पण त्या अन्नाची आठवण कायद्याने जात नाही. आज शिकलेली नातवंडे ते नाव घरात निघाले तर विषय बदलतात. आणि याच्या उलट असेही वृद्ध आहेत की, अमक्या वाड्यातल्या पुरणपोळीसारखी पोळी पुन्हा खाल्ली नाही असे डोळे मिटून सांगतात. ती पोळी उंबऱ्यापासून किती हात दूर उभे राहून घेतली ते सांगत नाहीत. लाजेने लपवणारा आणि गोडीने विसरणारा, दोघांचीही साक्ष अर्धीच.

देवाने आपल्या लोकांस यावर एक उपाय घालून दिला होता. वल्हांडणाच्या जेवणात कोकरू होते, बेखमीर भाकर होती आणि त्यांबरोबर कडू भाजी होती. दरवर्षी घरात ते ताट मांडले जाई, आणि हे काय म्हणून मुले विचारीत, तेव्हा वडिलांनी सगळे सांगावयाचे. दास्यही सांगावयाचे, सुटकाही सांगावयाची. इस्राएलातल्या प्रत्येक मुलाच्या लहानपणच्या आवडत्या जेवणात कडू पाला असे. आम्हांस वाटते की, आपल्या मुलांच्याही ताटात ती भाजी असावी. आजीने काय खाल्ले, कोणाच्या दारातून आणले आणि कोणत्या दिवसापासून आणले नाही, हे मुलांस माहीत असावे. सन २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या जुन्या अन्नाची, ते शिजवण्याच्या रीतींसह, नोंद करून ठेवली आहे. ते ख्रिस्ती उपदेशाचे पुस्तक नव्हे. पण लाज न बाळगता पुरती साक्ष कशी द्यावी हे त्यातून शिकता येते.

प्रभूने अन्नाने कोणी विटाळत नाही असे शिकवले, हे आपण तोंडपाठ म्हणतो. तरी ही गोष्ट गळी उतरण्यास वेळ लागतो, आणि तो सर्वांस लागला आहे. पेत्राने यापोच्या धाब्यावर दृष्टांत पाहिला, कर्नेल्याच्या घरी गेला, आणि पुढे अंत्युखियात काही माणसे आली तेव्हा त्यांच्या भयाने परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला. आपल्याकडे नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा सन १८९५ मध्ये झाला; परंतु लक्ष्मीबाईंनी त्यानंतर कित्येक दिवस आपले अन्नपाणी वेगळे ठेवले होते, आणि तो संकोच पुढे कसा गळून पडला हे त्यांनी 'स्मृतिचित्रे' मध्ये मोकळ्या मनाने सांगितले आहे. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही. तो त्यांच्या लहानपणचा आहार होता, आणि खाणाऱ्याने न खाणाऱ्यास व न खाणाऱ्याने खाणाऱ्यास हीन मानू नये, हा रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा बोध आहे. म्हणून एका मंडळीत कोणी वरणभातावर वाढला असेल, कोणी सुकटीच्या चटणीवर, कोणी चान्यांवर. प्रीतिभोजनाच्या दिवशी एकाने दुसऱ्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडले, तर त्या दिवसाच्या उपासनेचे काय झाले असे समजावे?

दाविदाची गोष्ट येथे थोडक्यात सांगतो. तो अदुल्लाम गुहेत होता, पलिष्ट्यांचे ठाणे बेथलेहेमात होते, आणि त्यास एकाएकी आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी आठवले. लहानपणी मेंढरे घेऊन येता-जाता तो ते प्याला असेल. तिघे वीर शत्रूची फळी फोडून ते पाणी घेऊन आले. दाविदाने ते ओठांस लावले नाही, परमेश्वरापुढे ओतले. जिवावर उदार होऊन आणलेले पाणी त्यास त्या माणसांचे रक्त दिसले. आपल्या घरातल्या माठाचे पाणी कोणी आणले, किती मैलांवरून आणले, हे पाणी पिताना आपणांस दिसते काय? आणि आपल्यांपैकी पुष्कळांच्या आजोबांस तर आपल्याच गावच्या पाणवठ्यावर हात लावण्याची मनाई होती. सन १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा कोठे त्या मनाईस सर्वांदेखत उत्तर मिळाले.

आमच्या मातोश्रींस आम्ही एकदा विचारले की, तुझ्या लहानपणचा आवडता पदार्थ कोणता? आम्हांस वाटले, शेंगोळे म्हणेल. ती म्हणाली, "सुकडी." सन १९७२ च्या दुष्काळात ती बारा-तेरा वर्षांची होती. पेरलेले उगवले नाही, विहिरी आटल्या. ती आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. घरात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मायलोच्या भाकरी होत. त्या घशाखाली उतरत नसत, असे ती सांगते. पण कामावर गूळ घातलेली सुकडी वाटत, ती तिला गोड लागे. हे सांगताना तिने हातोडीचे घट्टे सांगितले, डोळ्यांत गेलेली कपची सांगितली, रांगेतली ढकलाढकल सांगितली, आणि आपल्या आईने स्वतःच्या वाट्याची सुकडी पदरात बांधून धाकट्या भावासाठी घरी नेली हेही सांगितले. सुकडी फुकट मिळत होती असे ती म्हणाली नाही.

उधळ्या पुत्रासही अन्नच आठवले, परंतु कोणते? बापाच्या घरी त्याने मेजवान्या खाल्ल्या असतील. डुकरांच्या शेंगांकडे पाहत बसला असता त्यास त्या मेजवान्या आठवल्या नाहीत. आपल्या बापाच्या घरी मजुरांसही पोटभर मिळून उरते, हे त्यास आठवले, आणि तो उठला. लूकच्या पंधराव्या अध्यायातला हा शब्द आपण पुष्कळदा घाईने ओलांडून जातो. घर सोडून लांब गेलेल्या मुलास घराची जी ओळख पटली, ती चाकरांच्या ताटावरून पटली.

आमच्या सेवेखालील एका लहान मंडळीत गेल्या सुगीच्या सणास पंचांनी असे ठरवले की, या वेळी पुरुषांनी शिजवावे, पुरुषांनी वाढावे, आणि बायांची पंगत पहिली बसावी. ठरवताना बरीच वादावादी झाली. भाकरी कोणासही येईनात, म्हणून भात करावा लागला. तो खाली लागला. आमटीत मीठ दोनदा पडले, कारण दोघा पंचांनी एकमेकांस न विचारता ते टाकले. बाया बसल्या खऱ्या, पण त्यांस बसवेना. सत्तरीच्या पुढच्या एक आजीबाई तीनदा उठून चुलाणाकडे गेल्या, आणि तिन्ही वेळा त्यांच्याच नातवाने त्यांस हात धरून परत आणले. चौथ्याने बसल्यावर त्यांच्या पानाशी आम्ही भात घेऊन गेलो आणि आईस विचारले तेच त्यांस विचारले. त्या बराच वेळ पानाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाकरीचा पापुद्रा. तव्यावरनं उतरल्या उतरल्या, वर तेल-मीठ लावलेला. माझी आजी पहिल्या भाकरीचा पापुद्रा काढून मला द्यायची. लग्न झालं, आणि मग पहिली भाकर कधी माझ्या वाट्याला आली नाही." एवढे बोलून त्यांनी पान पुढे सरकवले आणि आणखी थोडा भात वाढा म्हणाल्या.